मोबाइल पोरांच्या हातात, मग आई-बापानं काय करायचं? मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेची सविस्तर माहिती

संध्याकाळी धारा काढून, गोठ्याचं आवरून माणूस घरात येतो तेव्हा पोरगं कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेलं असतं. विचारलं तर म्हणतं, "शाळेच्या ग्रुपवर अभ्यास आलाय." आई-बापाला वाटतं, बरं आहे, घरातच आहे, डोळ्यासमोर आहे. पण अंगणात खेळणाऱ्या पोराजवळ कोण अनोळखी माणूस आला, ते आपल्याला दिसतं. मोबाइलमध्ये कोण आलं, ते दिसत नाही.

२०२० मध्ये कोरोनात शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन वर्गासाठी घराघरात स्मार्टफोन आला. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण पोरांच्या हातातला फोन काही परत गेला नाही. तो आता जाणारही नाही. म्हणून धोके कोणते, ते आधीच कसे टाळायचे आणि काही घडलंच तर पहिल्या तासात काय करायचं, हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. ही माहिती वाचा आणि घरात वाचूनही दाखवा.

गावाकडचा प्रश्न वेगळा का?

मुलांच्या मोबाइलबद्दलचे बहुतेक सल्ले शहरातल्या घरांसाठी लिहिलेले असतात. मुलाचा फोन वेगळा, पालकांचा वेगळा, असं त्यात धरलेलं असतं. आपल्याकडे तसं नसतं.

- एकच फोन, सगळं त्यातच. बापाचं बँक खातं, युपीआय, आधारचे फोटो, पीक विम्याचे कागद आणि पोराचा गेम, सगळं एकाच मोबाइलमध्ये असतं. एक चुकीचं बोट दाबलं गेलं तर फटका सगळ्या घराला बसतो.
- घरातला 'ऑपरेटर' पोरगाच. आजीची केवायसी, बापाचा ओटीपी, आईचा रिचार्ज, सगळं सातवी-आठवीतलं पोर करतं. पिन त्याला पाठ असतो. चोरट्यांनाही हे चांगलं ठाऊक असतं.
- आई-बाप लांब. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या माणसांची पोरं आजी-आजोबांकडे राहतात. बोलणं व्हावं म्हणून फोन दिलेला असतो. आजीला फोन उचलता येतो, पण त्यात काय चाललंय ते कळत नाही.
- बदनामीची भीती. मुलीच्या फोटोवरून काही झालं तर चर्चा गावभर होते. मग पहिली शिक्षा मुलीलाच होते. तिची शाळा बंद होते, पुढे लग्नाची घाई होते. या भीतीनं मुली बोलत नाहीत आणि त्रास देणाऱ्याचं फावतं.

धोके नेमके कोणते?

१. ओळख वाढवून फसवणं. इन्स्टाग्रामवर किंवा गेमच्या चॅटमध्ये समवयस्क मुलगा किंवा मुलगी म्हणून कुणीतरी बोलायला लागतं. फोटो, नाव सगळं खोटं असतं. आधी कौतुक, मग छोटं रिचार्ज किंवा गेममधलं बक्षीस, मग "घरी सांगू नको", आणि शेवटी फोटोची किंवा भेटण्याची मागणी. "घरी सांगू नको" हे वाक्य जिथं आलं, तिथंच धोका ओळखायचा.

२. फोटोवरून धमकी. एकदा फोटो किंवा व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग हाती लागलं की पैसे किंवा आणखी फोटो मागितले जातात. "सगळ्या नातेवाइकांना पाठवीन" अशी धमकी येते. हा त्रास मुलग्यांनाही होतो. आणि आता तर खरा फोटो लागतही नाही. साध्या गणवेशातल्या फोटोवरून एआयनं खोटा अश्लील फोटो बनवता येतो. म्हणून "तू पाठवलाच कशाला?" हा प्रश्न लेकराला विचारण्याआधी दहा वेळा विचार करा. कदाचित तिनं काहीच पाठवलेलं नसेल.

३. गेम आणि पैसे. गेममधले डायमंड, कपडे, बंदुका विकत घ्यायला पोरं घरच्या खात्यातून पैसे भरतात. 'फुकट डायमंड' म्हणून आलेली लिंक तर बहुतेक वेळा सापळाच असते. पैसे लावून खेळायच्या गेमचा विषय आणखी वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं या कायद्यानं बंद केलं. खेळणाऱ्याला यात शिक्षा नाही. म्हणून पोरगं अशा गेममध्ये अडकलं असेल तर लपवू नका.

४. एपीके फाइल. 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी', 'वाहनाचं चलान' अशा नावाची फाइल व्हॉट्सॲपवर येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती उघडून ॲप बसवलं की मोबाइलमधले मेसेज, ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. पोरं गेमची 'मोड' आवृत्ती म्हणूनही अशाच फाइली उतरवतात. प्ले स्टोअरच्या बाहेरचं कोणतंही ॲप घ्यायचं नाही, हा घराचा नियमच करून टाका.

५. आपल्याच माणसांकडून होणारा त्रास. सगळे धोके बाहेरून येत नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर एखाद्याचा रंग, जात, घरची परिस्थिती यावरून टिंगल करणं, मुलीचा फोटो काढून स्टिकर बनवणं, तिच्या नावानं खोटं खातं उघडणं, हे ओळखीतलीच मुलं करतात.

पहिलं कुलूप: पोराचा विश्वास

धमकी देणाऱ्याची खरी ताकद कुठे असते? ती फोटोत नसते. "घरी कळलं तर मारतील, मोबाइल काढून घेतील, शाळा सोडायला लावतील" या लेकराच्या भीतीत ती असते. ही भीती आपणच घातलेली असते आणि तीच वापरून तो पैसे उकळतो. ज्या दिवशी लेकरू घरी सांगतं, त्या दिवशी त्याचं अर्धं बळ जातं.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एक काम करा. शांतपणे बसून मुलाला किंवा मुलीला हे स्पष्ट शब्दांत सांगा: "मोबाइलवर तुझ्याकडून कितीही मोठी चूक झाली तरी आधी मला सांग. मी मारणार नाही. तुझी शाळा बंद करणार नाही. आपण दोघं मिळून बघू." आणि दिलेला शब्द पाळा. एकदा जरी मोडलात, तरी पुढच्या वेळी लेकरू तुमच्याकडे येणार नाही.

रोज चौकशी करायची गरज नाही. जेवताना सहज विचारा, "आज मोबाइलवर काय नवीन बघितलं? मला दाखव की." पोरांना शिकवायला आवडतं. तुम्हाला इन्स्टाग्राम येत नसेल तर पोराकडूनच शिका. शिकता शिकता तुम्हाला त्याचं खातंही दिसेल आणि त्याचे मित्रही कळतील.

लेकरू अचानक गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, मेसेज वाजला की दचकतं, कुणी जवळ आलं की स्क्रीन फिरवतं, घरातले पैसे कमी होतात, शाळेत जायला नको म्हणतं, यातलं काही दिसलं तर रागावू नका. जवळ घेऊन विचारा.

मोबाइलमध्ये हे बदल आजच करा

*एकच फोन सगळे वापरत असतील तर:*

- युपीआय आणि बँकेच्या ॲपला वेगळं कुलूप लावा आणि युपीआय पिन बदला. नवा पिन पोराला सांगू नका. हे त्याच्याही भल्याचं आहे, कारण उद्या काही झालं तर आळ त्याच्यावर येणार नाही.
- युपीआय लाइट सुरू असेल तर छोटे व्यवहार पिनशिवाय होतात. गरज नसेल तर ते बंद करा. 'ऑटोपे' च्या यादीत नको असलेली कपात दिसली तर तीही थांबवा.
- पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. हे वाक्य पोरांकडून पाठ करून घ्या.
- प्ले स्टोअर उघडा, वर आपल्या फोटोच्या चिन्हावर दाबा, सेटिंगमध्ये 'फॅमिली' आणि त्यात 'पॅरेंटल कंट्रोल्स' सुरू करा. तिथं वय आणि पिन ठरवा. खरेदीसाठी प्रत्येक वेळी पासवर्ड मागितला जाईल, अशीही सोय तिथंच सेटिंगमध्ये आहे.
- लहान मुलाला गाणं किंवा गोष्ट लावून देताना 'ॲप पिनिंग' वापरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये असतं. मग मूल त्या एकाच ॲपमध्ये राहतं, बाहेर जायला तुमचा पिन लागतो.
- यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' सुरू करा. लहानांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप आहे.

*मुलाचा फोन वेगळा असेल तर:*

- गुगलचं 'फॅमिली लिंक' हे मोफत ॲप तुमच्या फोनवर घ्या. मुलानं कोणतं ॲप घ्यायचं, किती वेळ वापरायचं, रात्री फोन कधी बंद व्हायचा, हे तुमच्या फोनवरून ठरवता येतं. ऊसतोडीवर किंवा परगावी असलेल्या पालकांनाही हे लांबून करता येतं. पण मुलाला सांगूनच लावा. चोरून लावलं तर पोरगं दुसरा रस्ता शोधतं.
- इन्स्टाग्रामवर खरी जन्मतारीख टाका. १८ वर्षांखालच्यांचं खातं आपोआप जास्त बंदिस्त होतं आणि अनोळखी माणसांचे मेसेज अडवले जातात. १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पोरं वय वाढवून टाकतात आणि हे संरक्षण स्वतःच घालवतात. इन्स्टाग्रामचं खातं उघडायला वय किमान १३ असावं लागतं.

*व्हॉट्सॲप सगळ्यांसाठी:* सेटिंगमधल्या 'प्रायव्हसी' मध्ये जाऊन प्रोफाइल फोटो आणि ग्रुप या दोन्ही ठिकाणी 'माय काँटॅक्ट्स' निवडा. अनोळखी कॉल गप्प ठेवण्याची सोयही तिथंच आहे. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करा. 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये अनोळखी उपकरण दिसलं तर लगेच काढून टाका.

सेटिंग म्हणजे शेताला कुंपण. कुंपण घातलं म्हणून राखण सुटत नाही.

वयाप्रमाणे नियम बदला

- सहा वर्षांपर्यंत: जेवण भरवायला मोबाइल नको. दाखवायचाच असेल तर मांडीवर घेऊन, आपण सोबत बघून.
- सात ते बारा: स्वतःचा फोन नको. घरचा फोन ओट्यावर किंवा माजघरात, सगळ्यांसमोर वापरायचा. अभ्यास झाला की फोन परत.
- तेरा ते सोळा: खातं उघडायचं असेल तर पालकांसमोर. ओळखीच्या माणसांशीच मैत्री. रात्री फोन आई-बापाच्या उशाशी चार्जिंगला. आणि हो, हा नियम आई-बापानंही पाळायचा. बाप रात्री बारापर्यंत रील बघत असेल तर पोराला सांगून उपयोग नाही.
- सतरा-अठरा: आता पाळत कमी आणि बोलणं जास्त. कर्ज देणारी ॲप, नोकरीच्या खोट्या जाहिराती, 'घरबसल्या कमवा' यांबद्दल उघड बोला.

मुलग्याच्या आई-बापांसाठी दोन शब्द

ऑनलाइन सुरक्षितता म्हणजे मुलीला जपणं, एवढंच आपण धरून चालतो. पण मुलीचा फोटो ग्रुपवर फिरवणारा कुणाचा तरी मुलगाच असतो. "गंमत केली" म्हणून कायदा सोडत नाही. वर्गातल्या मुलीचा अश्लील फोटो बनवणं, ठेवणं, पुढं पाठवणं, सगळे गुन्हे आहेत. करणारा १८ च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलग्याला एवढंच शिकवा: कुणाचा असा फोटो आला तर पुढं पाठवायचा नाही आणि घरी सांगायचं. मुलीवर बंधनं घालण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्वाचं हे काम आहे.

आपणही एक गोष्ट सोडायला हवी. लेकरांचे आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो, शाळेचं नाव दिसणारा गणवेशातला फोटो, गुणपत्रिका, आधार कार्ड, हे सगळं आपणच स्टेटसला टाकतो. कौतुक घरात करा. स्टेटस कोण जपून ठेवतंय ते आपल्याला कळत नाही.

घडलंच तर: पहिल्या तासात काय करायचं?

१. लेकराला जवळ घ्या. "बरं झालं सांगितलंस" हे पहिलं वाक्य असू द्या. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. धमकीच्या दडपणाखाली मुलं जिवाचं बरंवाईट करू शकतात. मन मोकळं करायला आणि सल्ला घ्यायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

२. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. आणखी फोटो तर मुळीच नाही.

३. चॅट पुसू नका. घाबरून सगळं डिलीट करण्याची घाई होते, पण तोच पुरावा असतो. समोरच्याचा नंबर, खात्याचं नाव, धमकीचे मेसेज, तारीख-वेळ, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग त्याला ब्लॉक करा आणि त्या ॲपवर तक्रार नोंदवा.

४. तो फोटो कुणालाही पाठवू नका. "हे बघा काय आलंय" म्हणून नातेवाइकांना किंवा गावच्या ग्रुपवर टाकणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

५. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा.

६. तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन) महिला आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. बालकांच्या अश्लील मजकुराची तक्रार तिथं नाव न सांगताही करता येते. नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं सांगितलं तरी परत फिरू नका. हद्द कोणतीही असो, 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो.

७. फोटो पसरू नये म्हणून. 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा १८ वर्षांखाली काढलेल्या अश्लील फोटोंसाठी आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो शोधून हटवू शकतात.

कायदा लेकराच्या बाजूनं आहे

- पोक्सो कायदा, २०१२: १८ वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी यात येते. मुलाला अश्लील मजकूर दाखवणं, वाईट हेतूनं सतत ऑनलाइन पाठलाग करणं, फोटोची धमकी देणं, हे सगळं यात गुन्हा आहे. मुलाचा वापर करून अश्लील चित्रण करणाऱ्याला किमान पाच वर्षांची शिक्षा आहे.
- जबाब कसा घेतात? मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, तेही गणवेशात नसताना. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. बातमीत मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे.
- गप्प बसणंही गुन्हा. असा गुन्हा घडल्याचं माहीत असून न कळवणं, यालाही पोक्सोत शिक्षा आहे. त्यामुळे "गावातच मिटवू" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.
- माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६७ ब: मुलांचं अश्लील चित्रण प्रसारित करणं, बघणं, उतरवून घेणं यासाठी पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असं साहित्य मोबाइलमध्ये बाळगण्याबाबतही कायदा कडक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

गावानं काय करायचं?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये तिथं एक पद्धत सुरू झाली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरात टीव्ही-मोबाइल बंद होतो. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसंही फोन बाजूला ठेवतात. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं वेगळी वाट धरली आणि १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला.

दोन्ही गावांनी प्रश्न चारचौघांत आणला, हे मोठं काम. पण सरसकट बंदी आली की पोरं चोरून वापरायला लागण्याची भीती असते, आणि चोरून वापरणारं पोर अडचणीत सापडल्यावर सांगणार कुणाला? ठरलेल्या वेळेचा नियम जास्त झेपतो, कारण तो मोठ्यांनाही लागू असतो.

आपल्या गावात एवढं तरी करता येईल: ग्रामसभेत हा विषय घ्या. गाव बाल संरक्षण समिती कागदावर आहे की बैठका होतात, ते विचारा. शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी आहे का ते बघा, आणि पेटी उघडते कोण, हेही विचारा. बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास मोबाइलच्या सेटिंगला द्या. ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेत, त्या लेकरांसाठी शिक्षक किंवा अंगणवाडीताई यांच्यापैकी एक माणूस ठरवून द्या, ज्याच्याकडे लेकरू बिनधास्त जाऊ शकेल.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

- १९३० – सायबर फसवणूक, पैसे गेल्यास
- १०९८ – चाइल्डलाइन, मुलांसाठी २४ तास मोफत. मूल स्वतःही फोन करू शकतं
- ११२ – तातडीची पोलीस मदत
- १४४१६ – टेलिमानस, मनावर ताण आल्यास

मोबाइलमध्ये सेव्ह केलेले नंबर मोबाइलच बंद पडला तर उपयोगाचे नाहीत. म्हणून दाराच्या मागं, लेकराच्या उंचीवर, खडूनं का होईना लिहा. आणि त्या चार नंबरांच्या वर आपला स्वतःचा नंबर लिहा. लेकरानं पहिला फोन आपल्याला करावा, बाकीचे चार नंतर.